वळणावरचं उत्तर

माझी मावशी मांडवगण फराट्यात राहते. तिच्या घराकडे वळताना एक किराणा दुकान लागतं. आलेला पाहुणा मावशी घरी आहे का ते तिथंच विचारतो आणि दुकानदार मान वर न करता सांगतो, "न्हाईत, बाहेर गेल्यात." सकाळी जाताना त्यानं तिला पाहिलेलं असतं. ती मागच्या पांदीच्या वाटेनं कधीच परत आलेली असते. पाहुणा माघारी जातो आणि मावशी त्या दुकानदाराच्या नावानं खडे फोडते.

परवा ती स्कूटरवरून पडली आणि डोकं आपटलं. उलट्या सुरू झाल्या तसं मी तिला शिरूरला आमच्या स्कॅन सेंटरमध्ये नेलं. तिथले कॉम्प्युटर मीच सांभाळते. स्कॅन तपासणारे डॉक्टर बसतात दौंडच्या शाखेत. दोन्हीकडच्या फायली एकाच सर्व्हरवर असतात. डोक्यात रक्तस्राव असेल तर तिला लगेच पुण्याला हलवायचं होतं.

स्कॅन झाल्या झाल्या मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. "फाइलच नाहीये," ते म्हणाले. "मघापासून उघडतोय."

माझ्यासमोर ती धडधडीत दिसत होती. माझं डोकंच फिरलं. "मघापासून म्हणजे कधीपासून?"

"तुमचा पहिला फोन आला तेव्हापासून."

म्हणजे स्कॅन व्हायच्या आधीपासून! तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरनं सर्व्हरला विचारलं आणि खरंच 'नाही' असं उत्तर आलं. दरवेळी हेलपाटा नको म्हणून त्यानं ते लक्षात ठेवलं. आता सर्व्हरकडे न जाताच तो तेच ऐकवत होता. थोड्या वेळानं विसरला असता, पण मला कुठला आलाय धीर! थेट वळणावरचा दुकानदार.

"डॉक्टर, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर उघडा. त्यानं अजून विचारलेलंच नाही."

फोनमधून चपलांचा आवाज आला. मी मावशीचा हात घट्ट धरला. फार भीती वाटत होती.

"दिसलं. रक्तस्राव नाही. संध्याकाळपर्यंत तिथंच थांबवा, मग घरी न्या."

मी तिथंच रडायला लागले.

"रडतीस कशाला? पडले मी," मावशी म्हणाली.

संध्याकाळी गाडी वळणावर आली तेव्हा दुकानदार कुणा बाईला सांगत होता, "दवाखान्यात हायेत, घरी न्हाईत."

मावशीनं गाडी थांबवायला लावली, काच खाली केली.

"नीट बघ माझ्याकडं," ती त्याला म्हणाली. "आन् आता कुणी इचारलं तर सांग, घरी हाय."