बघितलंस काय गो?

पंचनाम्याचा कागद कुणी पुढे केला, की आबा आधी पायांत वहाणा चढवायचे. सही मागाहून. "कुठं काय पडलंय ते दाखव," म्हणायचे आणि चालायला लागायचे.

सरकारी मदत हवी तर पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला दोन पंच. तुमच्याही गावात एखादा कायमचा पंच असेल, टपरीवर चहा पिता पिता दहा सह्या ठोकणारा. आमच्या वाडीतले आबा तसले नव्हते. आडव्या झालेल्या माडाला हात लावून बघायचे. कौलं उडालेल्या घरात उभे राहून वर आभाळ बघायचे. तलाठी तोवर घड्याळ बघायचे.

मला संताप यायचा. मी चिपळूणहून पत्रकं छापून आणायचे, 'मदत की थट्टा?' असल्या मथळ्यांची. एकात मी लिहिलं, अख्खी वाडी वाहून गेली. आबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"वाडी हाय तिथंच हाय. गोठा गेला एक. तू बघितलंस काय गो?"

"आबा, सरकारला जाग यायला जरा मोठं लिहावं लागतं."

"मग उद्या खरंच वाडी गेली तर काय लिवशील?"

मी त्यांना 'सरकारचा माणूस' म्हणून मोकळी झाले.

पुढच्या पावसाळ्यात नदी आबांच्याच शेतात शिरली. त्यांचा सगळा भात त्या एका तुकड्यातला. पाणी ओसरलं तेव्हा लावणीवर नदीतले गोटे पसरले होते म्हणे. मी बघितले नाहीत. स्वतःच्या नुकसानीला स्वतः पंच होता येत नाही. शेजारचा एक जण बघून आला. दुसरा मिळेना. निम्मी वाडी मुंबईत, उरलेल्या म्हाताऱ्यांचे गुडघे नदीपर्यंत उतरायला तयार नाहीत. घरबसल्या सही द्यायला मात्र सगळे राजी.

आबा माझ्याकडे आले. मी पेन काढलं. "कुठे करू?"

त्यांनी कागद मागे ओढला. "आधी खाली चल."

"अकराची एसटी आहे, आबा. तुमच्यासाठीच मोर्चा आहे!"

"अर्ध्या तासाचं काम हाय, बाय."

"तुमच्या शब्दावर विश्वास आहे माझा."

"माझ्या शब्दावर चालत असतं, तर पंच कशाला लागला असता?" ते हसले. कागदाची घडी खिशात गेली. "जा. गाडी चुकंल."

मी परतले तेव्हा पंचनाम्यांची मुदत संपली होती. मदतीच्या यादीत आबा नव्हते. मी पेटून पत्रक लिहायला बसले, तर म्हणाले, "माझं नाव घालू नको. तू बघितलेलं नायस."

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पत्रक लिहिताना मोठा शब्द आला की पेन थांबतं. मागून कुणीतरी विचारावं असं वाटतं. कुणी विचारत नाही.

आता पंच म्हणून मला बोलावतात. परवा एका पंचनाम्यासाठी नदीवर उतरले, आणि वाटेत आबांचं शेत लागलं. आमच्याकडचे शेताभोवतीचे गडगे जांभ्या दगडाचे, तांबडे, ओबडधोबड. हा गडगा गोल, गुळगुळीत, राखाडी गोट्यांचा. एकेक उचलून रचलेला, कमरेइतका उंच, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मॅडम, हे शेत यादीत नाही," तलाठी म्हणाले.

"माहीत आहे. थांबा जरा. मला बघायचंय."