आर्वीच्या कोर्टातली एक तारीख

कायद्यासमोर मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. कारण साधं आहे — कायद्यासमोर मी कधी उभाच राहिलो नाही. काळा कोट घातला तो सनद मिळाली त्या दिवशी, फोटोपुरता.

पुढचं मात्र कुणापाशी बोललेलो नाही. बायको होती तोवर तिच्यापाशीही नाही. आता पिपरी मेघेच्या या फ्लॅटमध्ये बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आंतरराष्ट्रीय वकील म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. नुसतं ऐकून सरसावून बसतात. एका देशातली कंपनी दुसऱ्या देशातली कंपनी विकत घ्यायची, भांडण तिसऱ्याच देशात व्हायचं, आणि मी सिंगापूरला बसून त्याची कागदपत्रं लिहायचो. त्या धंद्यात एक सवय लागते. परक्या देशाच्या कोर्टाचं समन्स आलं की आधी सांगायचं — हजर होऊ नका. हजर झालात की त्या कोर्टाचा अधिकार मान्य केल्यासारखं होतं.

परक्या देशाच्या.

शोभाताई माझी मावसबहीण, आर्वीची. नवरा गेल्यावर दिराने राहत्या घरावर दावा लावला. समन्स आलं तसा तिने मला फोन केला. "भाऊ, कोर्टात बलावलं रे. जाऊ का नको जाऊ? तू सांगशील तसं करतो, मले काय समजते त्यातलं?"

मला तरी काय समजत होतं? दिवाणी दावा मी कॉलेजात वाचला होता, तोही परीक्षेपुरता. पण "मला माहीत नाही, तिथला वकील गाठ" — एवढं वाक्य तोंडातून निघेना. मीटिंगला उशीर होत होता. जिभेवर जे तयार होतं तेच मी सांगून टाकलं. जाऊ नकोस.

ती गेली नाही. निकाल एकतर्फी लागला.

इथवरच्या गोष्टीला चूक म्हणता येईल. खरं सांगायचंय ते यापुढचं आहे.

मी सुटी काढून आलो. ताईच्या ओसरीवर आर्वीचे वकील, ताई, तिची मुलगी आणि मी. वकील म्हणाले, निकाल फिरवायचा अर्ज करता येतो, पण गैरहजेरीला दमदार कारण पाहिजे. मग सहज विचारलं, "काऊन नाई गेल्या, ताई? कोणी चुकीचा सल्ला देला काय?"

देणाऱ्याने शपथपत्रावर तसं लिहून दिलं, तर अर्जात जीव येईल, असंही ते म्हणाले. ताईने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? — मी तिच्याकडे बघत नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे ते शपथपत्र होतं, खाली माझं नाव, आणि आर्वीच्या वकिलांच्या बाररूममध्ये त्यावरून होणारं हसं.

"तारीख ध्यानात ठेवायला हवी होती गं, ताई," मी म्हणालो.

ताईने नजर वकिलांकडे वळवली. मग वकिलांना म्हणाली, "हो जी. मीच विसरली."

तेच कारण अर्जात गेलं. अर्ज नामंजूर झाला. ताई घर सोडून कारंज्याला लेकीकडे राहायला गेली. कुणी विचारलं की तारीख विसरल्याचं सांगायची — इतक्यांदा, की शेवटी तिलाही ते खरं वाटत असावं. की नसावं? मी कधी विचारलं नाही. दिवाळीत तिचा फोन यायचा. पुढे मी उचलेनासा झालो, पुढे तो येईनासा झाला.

मागच्या वर्षी ती गेली. तेरवीला मी कारंज्याला गेलो. जावयांनी मला पहिल्या पंगतीत, सरपंचांच्या शेजारी बसवलं आणि आल्यागेल्याशी ओळख करून दिली — आमचे मामासाहेब, परदेशातले वकील.

वांग्याची भाजी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.