माझ्या नावाचं नकारपत्र

पत्र टाईप करून तयारच होतं. फक्त माझी सही बाकी होती.

आबांच्या बंगल्याचा व्हरांडा. आबा म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. ते झोपाळ्यावर. एका खुर्चीत महिन्याभरात निवृत्त होणारे आमचे हेडसर. दुसऱ्या खुर्चीत आबांचा पुतण्या संग्राम, आमच्याच शाळेत सात वर्षांपूर्वी लागलेला शिक्षक. तिसरी खुर्ची रिकामी. तिच्यावर आबांचा टॉवेल टाकलेला.

मी उभी.

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात मी चोवीस वर्षं मराठी शिकवतेय. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव पहिलं, संग्रामचं पाचवं. हेडसरांची जागा नियमानं माझी. मी स्वतःहून लेखी नकार दिला, तरच ती खालच्याला देता येते. मधल्या तिघांनी आधीच सह्या करून दिल्या होत्या. एकाच्या पोराला संस्थेत चिकटवायचं होतं. एकाला लांबच्या शाखेत बदली नको होती. तिसऱ्याला काहीच नको होतं, त्याला नुसती वाकायची सवय होती.

"करा की सही बाई," आबा म्हणाले. "हेडमास्तरकी म्हंजे डोक्याला ताप नुस्ता. तुमाला कशाला पायजे?"

शाळेत बाकीच्या सगळ्या मॅडम. मी एकटी बाई. का, ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझं माहेर बौद्ध वस्तीतलं. बाप याच शाळेत शिपाई होता.

मी पत्र वाचलं. 'मी स्वःखुषीने कळविते की, कौटूंबिक अडचणीमुळे व प्रशासकिय कामकाज झेपत नसल्याने मला मुख्याधापिका पद नको आहे.'

एका वाक्यात चार चुका.

"कुणी लिहिलं हे?" मी विचारलं.

"मीच की बाई," संग्राम म्हणाला. वर हसला. दहावीला माझ्याच वर्गात होता. तेव्हाही असंच लिहायचा आणि असाच हसायचा.

चुका एक वेळ चालल्या असत्या. पण 'झेपत नसल्याने' या शब्दांवर माझे डोळे अडकले.

महापुरात अर्धं गाव आमच्या शाळेत येऊन राहिलं होतं. हेडसर तेव्हा पुण्याला लेकीकडं. आबांचं बिऱ्हाड कोल्हापुरात, फ्लॅटवर. शाळेच्या किल्ल्या माझ्याकडं. कुठलं घर कुठल्या वर्गात, पिण्याचं पाणी कुणाला किती, दिवस भरलेल्या बाईला निजवायचं कुठं, सगळं मी बघितलं. होडीवाल्यांशी भांडून औषधं आणवली. पाणी उतरल्यावर माझ्या हातांनी वर्गातला चिखल उपसला. मग शहरात सत्कार झाला. शाल आबांच्या खांद्यावर पडली. मलाही नेलं होतं. हारांची पिशवी धरायला. आणि मी धरली. त्याची लाज मला आजही वाटते.

मी म्हणाले, "आबा, मला मुख्याध्यापिका व्हायचंय."

आबांनी पायानं झोपाळा थांबवला. हेडसरांकडं बघून म्हणाले, "ऐका. तुमची बाई काय म्हनत्या ऐका." मग माझ्याकडं वळले. आता 'तुमाला' संपलं होतं. "तुजा बा हितंच घंटा बडवत हुता. त्येची पोरगी मास्तरीण झाली. एका पिढीत आनि किती वर चढशील गं? पंधरा ऑगस्टला तू झेंडा फडकवनार, आनि आमी तुज्या मागं हुबं ऱ्हायाचं व्हय?"

हेडसर कुंडीकडं बघायला लागले. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. त्या माणसाला त्या घटकेला कुंडीतल्या झाडाची पानं मोजायची होती.

माझा बाप घंटा द्यायचा. खरं आहे. पण वेळेवर द्यायचा. हा अध्यक्ष जन्मात कधी वेळेवर शाळेत आला नाही. आम्ही पोरं उन्हात उभी करून याच्या गाडीची वाट बघायचो. या माणसाला मी चोवीस वर्षं घाबरत होते? ज्याच्या पुतण्याला एक वाक्य धड लिहिता येत नाही आणि ज्याला माझ्या सहीची भीक मागावी लागते, त्याला?

मी खुर्चीवरचा टॉवेल उचलला. झोपाळ्याच्या कडीला अडकवला. खुर्चीत बसले. पर्समधून लाल पेन काढलं.

आबांना वाटलं, सही करतेय.

पेपर तपासताना मी घाई करत नाही. तिथंही केली नाही. चारही शब्दांभोवती गोल काढले, वर बरोबर शब्द लिहिले. खाली शेरा लिहिला, 'शुद्धलेखन कच्चे. मजकूर खोटा. गुण शून्य.' कागद संग्रामपुढं धरला. तो सवयीनं उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यानं तो घेतला.

मी उठून निघाले. "बाई," मागनं आबांचा आवाज आला, "रिटायर व्हायला किती वर्सं ऱ्हायली?"

"तीन."

"मग बघूच की तीन वर्सं."

त्यांनी बघायला सुरुवात केली. माझ्या नकाराशिवाय कायम नेमणूक करता येईना, म्हणून जूनमध्ये संग्राम 'प्रभारी मुख्याध्यापक' झाला. माझी दहावी काढून घेतली. पाचवीचा वर्ग दिला, मुतारीला लागून असलेल्या खोलीत. मी स्टाफरूममध्ये गेले की चहा संपलेला असतो. सह्या करून दिलेले तिघं मला व्हरांड्यात गाठून हळूच सांगतात, "बाई, तुमचंच बरोबर हाय." मोठ्यानं बोला म्हटलं, की त्यांना तास आठवतो.

कोल्हापुरात शिक्षण विभागाकडं मी तक्रार केली. पहिल्या सुनावणीला संस्थेचं कुणी आलंच नाही. दुसऱ्या वेळेला साहेबांचीच बदली झालेली. तिसऱ्या वेळेला टेबलावरचा कारकून म्हणाला, "मिटवून टाका की बाई. कशाला हेलपाटं घालताय?"

"काय मिटवू?" मी विचारलं. "यादीतलं माझं नाव?"

त्यानं पुढची तारीख लिहून दिली.

ती जागा मला मिळेल, असं मला वाटत नाही. तीन वर्षं तारखांत घालवणं त्यांना जड नाही. घालवू देत. मी प्रत्येक तारखेला जाणार. निवृत्त झाल्यावर तारीख पडली, तरी जाणार. माझ्याच हातानं मला नालायक लिहून घ्यायचं होतं त्यांना. ते होणार नाही. मी नको असेन, तर त्यांनी स्वतः लिहावं. संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीनं. आणि ही बाई आम्हाला का नको, ते खरं कारण लिहावं. तेवढी एक ओळ त्यांच्याकडनं लिहून घेतल्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही.