चाळीस मिनिटांचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर मुलगी झाली त्या वर्षी घेतलेला. मुलगी आता सहावीत आहे आणि माझ्या खांद्याला लागते. कॉम्प्युटर मात्र दिवसेंदिवस म्हातारा होत गेला. बटण दाबलं की चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावर त्याचं गोल गोल फिरणं चालूच. शिवाय मध्येच काही न सांगता बंद पडायचा. पनवेलजवळ करंजाड्यात आमचा वन बीएचके आहे. बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कॅबिनेट आडवं ठेवलेलं, बाजूची जाळी वर करून, कारण उभं ठेवलं की खिडकी पूर्ण उघडत नाही.

मी द्रोणागिरीच्या एका गोदामात खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात खालच्याला आणखी खाली आणायचं, हे माझं काम. वीस वर्षं तेच केल्यामुळे ते अंगात भिनलंय. घरात बादली आणायची तरी मी तीन दुकानं फिरतो. बायको म्हणते, तुम्ही लग्नाआधी तीन मुली पाहिल्या असणार आणि मी सगळ्यात स्वस्त पडले असणार. यातला पहिला भाग खरा आहे.

या वर्षी गणपती झाले आणि तिला एका ऑनलाइन क्लासवाल्यांचा फोन आला. आठवी ते दहावीला गणित शिकवायचं, घरी बसून. त्याआधी रविवारी अकरा वाजता चाळीस मिनिटांचं डेमो लेक्चर द्यायचं, ते पसंत पडलं तर नोकरी. ती पूर्वी पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवायची. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, आई अंथरुणाला खिळली आणि हिने आपणहून नोकरी सोडली. आई मागच्या उन्हाळ्यात गेली. त्यानंतर हिने चार शाळांत अर्ज केले. सगळीकडे एकच प्रश्न, मधली एवढी वर्षं काय केलंत? आईचं सगळं केलं, हे उत्तर कोणी लिहून घेत नव्हतं. त्यामुळे हे लेक्चर म्हणजे तिची बहुतेक शेवटची संधी आहे, हे ती बोलली नाही तरी मला दिसत होतं.

"नवीन लॅपटॉपच घ्यावा का?" तिने विचारलं. घराचा हप्ता जाऊन आमच्याकडे उरतं ते मला पाठ आहे. मी म्हणालो, "कशाला? यातच जीव आणतो. सहा हजारांत."

"पण तो बंद पडतो ना मध्येच? त्याचा पंखा घरघरतो हल्ली. आधी तो कोणाकडून तरी साफ करून घ्या."

"अगं, रॅम कमी पडते म्हणून होतं ते," मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो. तोवर माझे सात-आठ व्हिडिओ बघून झाले होते आणि डोक्यात वारं शिरलं होतं.

जुन्या पनवेलमधली दोन दुकानं फिरून झाल्यावर मी तिसऱ्याकडे गेलो. हा दुकानदार जवळच्याच कोन गावचा, साठीच्या पुढचा, चष्मा कपाळावर चढवून बसलेला. जुन्या मशीनला चालणारी रॅम आता नवी सहसा मिळत नाही. त्याच्याकडे वापरलेली होती. शिवाय हार्ड डिस्कच्या जागी त्याने विंडोज टाकून दिलेली एसएसडी बसवायची, म्हणजे चालू व्हायला मिनिटभरही लागत नाही. दोन्हींचा भाव मी पाडत पाडत आणला. तो पाडू देत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"मशीन बंद पडतं म्हंता ना? मंग तुमी ते घेऊन या हितं. उघडून बघल्याबिगर मी काय सांगू? गरम होत असंल तं रॅम टाकून काय उपेग नाय."

"उघडायचे किती घेणार?"

त्याने आकडा सांगितला. मी म्हणालो, उघडायला मला येतं. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि पिशवीत माल भरला. मी रिक्षाने घरी येताना वाचवलेल्या पैशांत वेबकॅम कसा बसला याचा हिशेब मनात घोळवत होतो. मोठ्या खुशीत होतो मी.

शनिवारी दुपारी कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा थर होता, तो फडक्याने पुसला. रॅम खटकन बसली. एसएसडीला घट्ट बसायला जागा नव्हती, तिला चिकटपट्टी लावली. बटण दाबलं आणि पंचवीस सेकंदांत पडदा उजळला. मी मुलीला बोलावलं, बायकोला बोलावलं, बंद करून परत चालू करून दाखवला. शेजारच्यांनाही बोलावणार होतो, पण बायकोने हात धरला.

"छान झालं," ती म्हणाली. "आता एकदा कॅमेरा लावून चाळीस मिनिटं चालवून बघू या का?"

"उगाच कशाला? बघितलंस ना कसा पळतोय?" मला क्रिकेटची मॅच बघायची होती. संध्याकाळी तिने मुलीचा पांढरा बोर्ड बेडरूममध्ये खुर्चीवर उभा करून ठेवला. स्क्रीनवर लिहिता येतं की, असं मी म्हणालो, तर म्हणाली, असू दे.

नोकरी तिला मिळाली, ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे उगाच जीव टांगणीला नको. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

रविवारी मुलीला शेजारी पाठवलं. पावणेअकराला बेडरूमचं दार लागलं. मी हॉलमध्ये टीव्ही बंद करून, पेपर उघडून बसलो आणि एक ओळही वाचली नाही. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि तिचा आवाज. प्रमाण शिकवत होती. बाजारात एका वाट्यात सहा बोंबील असतील, तर पाहुणे चौदा आणि प्रत्येकाला तीन द्यायचे, वाटे किती घ्याल? क्लासवाल्यांचे दोघे विद्यार्थी बनून मुद्दाम चुकीची उत्तरं देत असावेत. ती अजिबात घाई करत नव्हती. "थांबा, उत्तर नको. कसं काढलंत ते सांगा," म्हणत होती. मग हसली. शेजारच्या खोलीत कोणी अनोळखी बाई असावी इतका तो आवाज मोकळा होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि तिला शिकवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला फार बरं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

साधारण सव्वाअकराला घरघर थांबली. मी पेपर खाली ठेवला. पण आत तिचं बोलणं अखंड चालू होतं, "बरं, आता जरा बोर्डकडे बघा." म्हणजे मशीन रुळलं, पंखाही शांत झाला! मी पाय लांब केले. अकरा चाळीसला दार उघडलं, तेव्हा मी उठून जवळजवळ कमरेवर हात ठेवूनच उभा होतो.

"बघ, चालला की नाही? काय म्हणत होतीस तू?"

ती बाजूला झाली. मॉनिटर काळाठिक्कर. टेबलावर लोणच्याच्या बरणीला तिचा फोन टेकवलेला होता, बोर्डाच्या बरोबर समोर.

"अर्ध्या वाटेतच गेला तो," ती म्हणाली. "मी पावणेअकरालाच फोनवरूनही जॉइन होऊन बसले होते, आवाज बंद करून. तुमचा कॉम्प्युटर गेला, मी फोनवरचा आवाज चालू केला. त्यांना कळलंही नाही फारसं."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. या वेळी प्रोसेसरवरचा पंखाच काढला, जो मी आदल्या दिवशी वरून पुसून सोडून दिला होता. खाली धुळीची लादी जमली होती, लालसर. बोटाने उकरली तर तांदूळ निघाले. एक-दोन नाहीत, चांगले चमचाभर, हळदीकुंकवात माखलेले, आणि झेंडूची एक वाळलेली पाकळी. आमच्या गोदामात खंडेनवमीला फोर्कलिफ्टची पूजा होते आणि घरी मी कॉम्प्युटरची करतो. अकरा वर्षं दर खंडेनवमीला स्नान करून, मंत्र म्हणत, आडव्या कॅबिनेटवर मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. त्या जाळीतून थेट पंख्यात जात होत्या, आणि मी भक्तिभावाने वाहतच होतो.

तळहातावरचे तांदूळ बघून ती इतकी हसली की तिला पलंगावर बसावं लागलं. मीही हसलो. मग मला राहवेना. मी म्हणालो, "माझ्यावर भरवसा नव्हता, तर तसं सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. चाळीस मिनिटं चालवून बघू म्हटलं होतं." ती डोळे पुसत होती, अजून हसूच ओसरत होतं. "आई अंथरुणाला पडल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, सहा महिने घरी थांब, तोवर मी आईकडे बघायला चांगली बाई शोधतो, मग तू परत शाळेत जा. मी तुमच्या भरवशावर राजीनामा दिला. त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. या वेळी मला कोणाच्याच भरवशावर राहायचं नव्हतं."

आवाज चढलेला नव्हता. हिने आईसाठी आपणहून नोकरी सोडली, असं मी सहा वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आलो आहे. ते खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

"असं म्हणालो होतो मी?" मी विचारलं.

"मंगळवार होता," ती म्हणाली. "तुम्ही दाढी करत होता."