चावलं कोणी?

मी हॉस्पिटलात मेडिकल कोडिंग करते. म्हणजे डॉक्टरांनी केसपेपरवर जे लिहिलं असेल त्याचे ठरलेले आकडे टाकते. बोटाला चावा म्हटलं की लोकांच्या दृष्टीनं विषय संपला. आमचा तिथं सुरू होतो. कुठलं बोट, उजवं की डावं, नख शाबूत आहे की गेलं, आणि शेवटी चावलं कोणी? कुत्र्याचा आकडा वेगळा, उंदराचा वेगळा, माणसाचा वेगळा. शिवाय एक नियम आमच्या डोक्यात ठोकून बसवलेला असतो. डॉक्टर लिहितील तेच खरं. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलं असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा.

धोंडुबाईचं बोट समोर येईपर्यंत मला हा नियम मोठा शहाणपणाचा वाटायचा.

धोंडुबाई गगनबावड्याकडची. नवरा लवकर गेला, तशी कोल्हापूरला आली आणि आमच्या हॉस्पिटलात आया म्हणून लागली. तेव्हा हॉस्पिटल मोठे डॉक्टर चालवायचे. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आताचे डॉक्टर अमरसिंह, नुकते चालायला लागले होते. धोंडुबाईचा आवाज असा की निम्मा वॉर्ड तिच्या हाकेनंच उठून बसायचा. लक्षतीर्थ वसाहतीत आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. गल्लीतल्या एका काळ्या कुत्र्याला रोज भाकरी घालायची आणि घालताना त्याला शिव्याही द्यायची.

डॉक्टरांच्या आई, म्हणजे आईसाहेब, विसरायला लागल्या तेव्हा धोंडुबाईला वॉर्डातून काढून बंगल्यावर नेलं. याच आईसाहेबांनी एके काळी तिचा चहाचा पेला मागच्या खिडकीत वेगळा पालथा घालून ठेवला होता, बुद्धवाड्यातली बाई म्हणून. आता आईसाहेब मुलाचं नाव विसरल्या, स्वतःचं विसरल्या, तो पेलाही विसरल्या. चमचा दिसला की तोंड घट्ट मिटायच्या. दहीभाताचा घास धोंडुबाईच्या हातचा असेल तरच तोंड उघडायच्या. पेल्याची आठवण काढून मी एकदा चिडले, तर धोंडुबाई मलाच म्हणाली, "आता बाळ झालंय ते. बाळाचा कुणी राग धरतंय व्हय?"

डॉक्टर तिला म्हणायचे, "मावशी, तुम्ही आता घरच्याच." बस्स. एवढ्या शब्दावर ही बाई सणवार, सुट्टी सगळं विसरली. मला तो शब्द ऐकला की अंगावर काटा यायचा. घरचं म्हटलं की कामाला मोजमाप राहत नाही.

त्या दुपारी ती घास भरवत होती आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली. आईसाहेब दचकल्या आणि त्यांचे दात मिटले. दात अजून अस्सल होते. हिसका मारून बोट काढलं असतं तर म्हातारीचे दात हलले असते, म्हणून धोंडुबाई हलली नाही. दुसऱ्या हातानं आईसाहेबांचा गाल कुरवाळत बसली, त्या सोडेपर्यंत. उजव्या हाताची तर्जनी, नखासकट फाटली. डॉक्टर घरीच होते. त्यांनीच फडकं गुंडाळलं, गाडीत घालून आणलं, आणि केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "घराजवळ कुत्रा चावला."

असं का, ते चौकात लटकत होतं. नुकताच एका मंडळानं त्यांचा मातृभक्त म्हणून सत्कार केला होता आणि फ्लेक्स अजून उतरला नव्हता. भाषणात ते म्हणाले होते, "आईला मी रोज स्वतःच्या हातानं भरवतो." टाळ्या मीही वाजवल्या होत्या. आता बोट चावलेलं दुसऱ्याच कुणाचं निघालं तर भाषणाचं काय?

खालून निरोप आला म्हणून मी कॅज्युअल्टीत गेले. धोंडुबाईनं मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "पोरी, सायेबांनी काय लिवलंय ते मला म्हायती हाय. घाबरलं असतील. दुरुस्त करतील की. त्यास्नी कडेवर घेऊन हिंडलोय मी." तिला भरपाई नको होती, रजा नको होती. डॉक्टरांनी खरं तेवढं लिहावं, एवढंच हवं होतं.

शंका असली की आम्ही डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवतो. मी पाठवला, "चावा कोणाचा?" त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"निशा, काय फरक पडतो? उपचार होतायत ना?"

"सर, त्या स्वतः सांगतायत."

"मावशी घरच्याच आहेत. त्यांचं मी बघतो."

उत्तर आलं, कुत्रा. नियमाप्रमाणे मी कुत्र्याचा आकडा टाकला. संताप असा झाला होता की बाकीचे केसपेपर तसेच टाकून घरी गेले.

बातमी गल्लीत पोचली. पोरांनी दगड मारून काळ्या कुत्र्याला पार हाकलून लावलं. धोंडुबाई मध्ये पडली, पण तिचं ऐकतो कोण? मग पट्टी बांधलेला हात घेऊन ती हॉस्पिटलात आली, ते मी वॉर्डाच्या दारात उभं राहून पाहिलं. राउंड चालू होता. सगळ्या वॉर्डासमोर तिनं विचारलं, "सायेब, कुत्रं कशाला लिवलासा?"

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, हसले, आणि सिस्टरना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, वय झालं तुमचं. गोंधळ होतोय. कुत्रंच होतं ते."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती हाकेनं वॉर्ड उठवणारी बाई पट्टीचा हात पदराखाली घेऊन जिना उतरली. खोटं लिहिलं ते तिनं पचवलं असतं. पण डॉक्टरांनी तिलाच वेडी ठरवलं.

आठवडाभरानं संध्याकाळी तिच्या दारात बंगल्याची गाडी आली. मी तिची पट्टी बदलत होते. ड्रायव्हर सम्राट बाहेरूनच म्हणाला, "मावशी, चला. आईसाहेब कुणाकडूनच खाईनात. सायबांनी हात जोडून बोलावलंय."

धोंडुबाई उठून उंबऱ्यात उभी राहिली. "सायबाला सांग, मला कुत्रं चावलंय. कागदावर तसं हाय. कुत्र्याला भाकरी घालायला कुणीबी चालतंय, त्याला मी कशाला पायजे?"

सम्राट खाली मान घालून गेला. गाडीचा आवाज लांब गेल्यावर ती आत येऊन बसली आणि तिला एकदम हुंदका फुटला.

"म्हातारी उपाशी हाय गं," ती म्हणाली. "तिला कळत न्हाय म्हणून ती चावली. सायबाला समदं कळतंय की."