लाडावलेल्या अळ्या

आमची ही पिकांच्या संशोधन केंद्रात अळ्या पाळते. हो, पाळते! सुनेची नोकरी काय, असं कुणी विचारलं की माझ्या वडिलांची जीभ अडखळायची. नव्या वाणाच्या रोपावर अळी सोडायची आणि ती जगते की मरते ते बघायचं, असं ते काम. त्या अळ्या हिच्या खोलीतून जातात. त्यांना डाळीच्या पिठाचा मऊ लगदा, त्यात जीवनसत्त्वं, वर रोग पडू नये म्हणून औषध. इतके लाड माझ्या आईनं माझेही केले नाहीत. शेतातली अळी आत आणायची नाही, रोगराई येते, असा तिथला नियम होता.

चवळीचा नवा वाण आला. शेंग पोखरणारी अळी याला लागणार नाही, म्हणे. हिनं अळ्या सोडल्या, त्या पटापट मेल्या. साहेब हरखले. लहान शेतकऱ्यांना बी वाटायचं ठरलं. हिच्या धाकट्या भावाचं रान जेमतेम वीतभर. तो काही तयार होईना.

"नको गं ताई. वर्षाचं सगळं यावरच आहे."

"अरे, मी डोळ्यांनी बघितलंय! फवारणीचा पंप उचलूसुद्धा नकोस."

बहिणीच्या शब्दाखातर त्यानं पेरलं, आणि फवारलं नाही.

शेंगा भरल्या आणि बघता बघता त्यांची चाळण झाली. मग कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. पिढ्यान्‌पिढ्या लगद्यावर वाढून हिच्या अळ्या लेच्यापेच्या झाल्या होत्या. साध्या चवळीवर कशाबशा तगायच्या, या वाणाच्या जराशा कडवटपणानं गेल्या. रानातल्या अळीला त्याचं काय!

साहेब हिला म्हणाले, "जुन्या टाकून द्या. शेतातल्या आणा. जास्त नुकसान झालंय तिथल्या." ते कुठे झालंय, हे हिला कुणी सांगायला नको होतं. मला भयंकर राग आला. साहेबांचा आला, हिचा आला, त्या मेल्या लगद्याचासुद्धा आला. तरी डबा घेऊन मी सोबत गेलोच. एकटीला कशी पाठवणार?

ही बांधावरच थबकली. भावाला कुठल्या तोंडानं हाक मारणार? तोच पुढे आला. माझ्या हातातला डबा घेतला आणि शेंगा उकलून एकेक अळी त्यात टाकू लागला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं हो. डबा भरला तसा त्यानं तो बहिणीच्या हातात दिला.

"घेऊन जा ताई. या काही मरायच्या नाहीत."