आखाड्यातली दुसरी मुलगी

माझे बाबा घाटंजीच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये कुस्ती. पगार गणिताचा मिळायचा, जीव कुस्तीत असायचा. पहाटे पाचला ते मातीत उतरायचे आणि साडेदहाला वर्गात उभे राहायचे, तेव्हा कानामागे लाल मातीची एक रेघ हमखास राहिलेली असायची. फळ्याकडे वळले की ती रेघ सगळ्या वर्गाला दिसायची. मी त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर. मुली मला कोपर मारायच्या आणि मी वहीत तोंड खुपसायची.

तेव्हा मला बाबांची लाज वाटायची. आता मला माझी वाटते. या दोन लाजांच्या मध्ये एक रविवार आहे, तोच सांगायचा आहे.

मी नववीत होते. बसस्टँडजवळ मोटर-वायंडिंगचं दुकान होतं, तिथल्या मिस्त्रींची मुलगी माझ्याच वर्गात होती. विहिरीवरची मोटार दोन माणसं धरून रिक्षातून उतरवायची, ही एकटी उचलून दुकानात न्यायची. बाबांनी ते एकदा पाहिलं आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मुलींच्या शालेय कुस्त्या आमच्या भागात नुकत्याच सुरू झालेल्या. बाबा आठ दिवस रोज संध्याकाळी त्या दुकानात जाऊन बसले. शेवटी मिस्त्री म्हणाले, शिकवा, पण मुलीसोबत मुलगीच लढली पाहिजे, आणि नाव पाठवायच्या आधी मी एकदा डोळ्यांनी पाहीन.

बाबा तिथल्या तिथे बोलून बसले, माझी पोरगी आहे ना. मला विचारलं घरी आल्यावर. कुस्तीत जोड लागते, वजनाला वजन. आमच्या दोघींचं वजन जवळपास सारखं होतं, आणि दुसरी कोणती मुलगी येणार होती?

आखाड्यातल्या जुन्या वस्तादांनी कुरकुर केली. शेडमध्ये मारुतीची मूर्ती, त्यात मुली. बऱ्याच वादानंतर एका अटीवर ते तयार झाले: महिन्याच्या त्या चार दिवसांत मुलींनी मातीत पाय ठेवायचा नाही. बाबांनी मान्य केलं. आम्हाला ते आईच्या तोंडून कळवलं.

महिनाभर आम्ही शाळा सुटल्यावर दार लावून सराव केला. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली ती माती पायाला गार लागायची. ती मुलगी मला दहातून नऊ वेळा पाडायची आणि दर वेळी हात देऊन उठवायची. दहाव्या वेळी मी तिला पाडलं की बाबा काही न बोलता फक्त मिशीत हसायचे.

पण नखांत हळद बसायची आणि ती जाता जात नसे. वर्गात एकीने माझा हात धरून सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "लगन जमलं का वं तुहं?" तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विचारायचंच. एकीने तर पहिलवानांचे कान कसे मोडतात आणि मग नवरा कसा मिळत नाही, ते मला समजावून सांगितलं. रविवारी मिस्त्री पाहायला येणार ही बातमी फुटली, आणि शनिवारी मुलांनी जाहीर केलं की ते कंपाउंडच्या भिंतीवर बसून कुस्ती पाहणार. रात्रभर मला भिंतीवरचे ते पायच दिसत राहिले.

आई त्या दिवसांत मारेगावला होती, मावशीच्या बाळंतपणासाठी. रविवारी सकाळी बाबा नारळ पिशवीत टाकत होते. मी दाराआड उभी राहून म्हणाले, "बाबा, मले कावळा शिवला."

साफ खोटं होतं ते. आमच्याकडे मुलीने बापाला हे सांगायची रीत नाही. आई असती तर एका नजरेत तिने मला पकडलं असतं. बाबांनी मान फिरवली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. नारळ परत देवळीत ठेवला आणि जाताना एवढंच म्हणाले, "आराम कर, माय."

पुढचं मला आठ दिवसांनी कळलं, आई परत आल्यावर, ते दोघं स्वयंपाकघरात बोलत असताना. मिस्त्री दुकान बंद करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांची मुलगी मातीत उभी होती. भिंतीवर मुलं. बाबांनी सांगितलं, माझ्या पोरीची तब्येत बरी नाही. मिस्त्रींनी विचारलं, काय झालं? बाबांना सांगता येईना. काल संध्याकाळी तर दुकानासमोरून दळण घेऊन गेली, असं मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी नावं पाठवायची होती.

"सर, आपली पोरगी घरात ठेवली, अन् माह्या पोरीले पोराईसमोर उभी केली?"

एवढं बोलून मिस्त्रींनी मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन गेले. वस्तादांना मात्र बाबांनी खरं कारण सांगितलं, म्हणजे त्यांना जे खरं वाटत होतं ते. ते म्हणाले, पाहा, म्हणूनच आम्ही नाही म्हणत होतो. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या आखाड्यात मुलगी उतरली नाही. कोणी विषय काढला की माझ्या त्या चार दिवसांचा दाखला दिला जायचा. मी मात्र करून सवरून नामानिराळी. सोमवारी वर्गात ती मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसली. माझ्याशी भांडली नाही, बोललीही नाही. दहावीनंतर ती वडिलांच्या दुकानात बसू लागली. मी शिकले, यवतमाळला नोकरीला लागले.

यंदा बाबांची पंचाहत्तरी झाली. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत सत्कार ठेवला. मागच्या शेडमध्ये आता मातीऐवजी गादी आहे, आणि तिच्यावर मुलीही खेळतात. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बाबा काठी टेकत माइकसमोर उभे राहिले. आपल्या पहिलवानांबद्दल बोलतील असं सगळ्यांना वाटलं होतं.

"दोन पोरी होत्या माह्यापाशी," ते म्हणाले. "एक माही. कुस्तीच्या दिवशी तिची अडचण होती, म्हणून मी तिले मातीत उतरू देलं नाही. मातीले कायचा विटाळ? माहीच हिंमत झाली नाही. माह्यापाई दोघीचं नुकसान झालं. माही पोरगी इथं बसली हाय. मी तिची माफी मागतो."

टाळ्या थांबेनात. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी काय केलं? बसल्या जागी हात जोडले. माफी स्वीकारली. इतका कोडगेपणा माझ्यात असेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी नळावर ती भेटली. केस पांढरे व्हायला लागलेत, बोटांवर तारेचे बारीक चरे. तालुक्यात कोणाची मोटार जळली की आता तिलाच शोधत येतात. मी काहीतरी बोलायचं म्हणून दुकानाची चौकशी केली. तिने हात धुतले, ओढणीला पुसले.

"त्या दिवशी सांजी मी तुह्या घरी आली होती," ती म्हणाली. "तुले पाहाले. सरले कारण सांगता येईना, तवाच वाटलं होतं, तुही अडचण असन. पण तू तुळशीपाशी दिवा लावून राह्यली होती."

आई नसली की दिवा मीच लावायची. त्या संध्याकाळीही लावला होता, रोजच्या सवयीनं. सकाळचं खोटं तोवर मी विसरूनही गेले होते.

"आमच्यातबी त्या दिवसांत नमाज नसते," ती म्हणाली. "मले समजलं. फाटकातूनच परत गेली."

घरी काहून सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तिच्या वडिलांचा गैरसमज तरी गेला असता.

"सरचं तोंड पाह्यलं होतं मी त्या सकाळी," ती म्हणाली. "आपल्या पोरीनं आपल्याले फसवलं, हे त्याईले कोण सांगन? मले नाही जमलं."

तिनं पंधराव्या वर्षी माझ्या बापाला जपलं, आपला आखाडा सोडून. मी तिथेच रडले, पण त्या रडण्याचा तिला काय उपयोग? ती ताट घ्यायला गेली.

रिक्षातून घरी येताना बाबांनी शाल मांडीवर घडी करून ठेवली होती. थकले होते, पण चेहरा हलका दिसत होता. खडखडत रिक्षा बसस्टँडवरून वळली, तेव्हा त्यांनी त्या दुकानाकडे पाहिलं.

"लय वर्साचं मनात होतं," ते म्हणाले. "बराबर बोललो ना, माय?"

मी तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं, तो कावळा, ती भिंत, तो दिवा.

"बराबर बोलले बाबा," मी म्हणाले.